वरवंट्याचं दुसरं नाव

आमच्या गावामागे एक डोंगर आहे. कर्जतच्या बाजूने पाहिला तर तो बुटका आणि जरा कललेला दिसतो, खालापूरच्या बाजूने पाहिला तर ताठ. माथा लांबलचक आणि सपाट, आणि त्या माथ्याच्या दक्षिण टोकाला काळ्या दगडाचा एकच सुळका, पाट्यावर वरवंटा उभा करून ठेवावा तसा. सुळक्याच्या पायथ्याशी खडकात पाण्याचं एक टाकं आहे, ते उन्हाळ्यातही आटत नाही. टाक्याच्या काठी शेंदूर फासलेला दगड आहे, तो आमच्या घराण्याचा पूर्वज. माथ्यावर पडलेलं निम्मं पाणी ओढ्याओढ्यांनी पाताळगंगेला मिळून धरमतरच्या खाडीला जातं, निम्मं पलीकडे उतरून उल्हास नदीतून कल्याणकडे जातं. आमचे हे खालापूरच्या शाळेत मास्तर होते आणि भूगोल शिकवत. त्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब एकदम समुद्रातच भेटतात, असं ते वर्गात सांगायचे आणि घरी येऊन पुन्हा मला सांगायचे. मी म्हणायची, "भेटू देत. तुम्ही आधी जेवून घ्या."

या डोंगराला पूर्वी दोन नावं होती, एक पुरुषांचं आणि एक बायकांचं. बायकांचं नाव वरवंटा. आता सगळेच तसं म्हणतात. पुरुषांचं नाव गावात एखाद्या म्हाताऱ्याला आठवत असलं तर असेल, आणि मला आठवतं. ते मी इथे लिहिणार नाही, कारण तेच माझ्या सासऱ्यांचं नाव होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, चष्मा लावून वर्तमानपत्र वाचते, आगगाडीने एकटी पुण्याला जाऊन आलेली आहे. पण सासऱ्यांचं नाव काही माझ्या हातून कागदावर उतरत नाही. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

बायकांनी नवऱ्याचं, सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नाही, ही रीत तेव्हा घरोघरी होती. कोणी ती शिकवत नसे. लग्न होऊन आलेली मुलगी ती आपोआप पाळायला लागायची. आमच्या शेजारणीच्या नवऱ्याचं नाव देवाचं होतं, तर ती आरतीत नेमकी त्या ओळीला तोंड मिटून टाळ्या वाजवायची. आमच्या भावकीतल्या बायकांची अडचण मोठी होती. देव काय, देवळात असतो. आमचं नाव गावाच्या उशाला उभं होतं, आणि दिवसातून दहा वेळा त्याच्याकडे बोट दाखवायची पाळी यायची. ढग कुठवर आले, गुरं कुठे गेली, गवत कुठलं कापायचं, सगळं त्या डोंगरावरून सांगायचं. म्हणून बायका वरवंटा म्हणायच्या.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्या डोंगराचा फार अभिमान. जमीन बेताची, बैल म्हातारे, घर कुडाचं. मिरवायला दुसरं काही नव्हतंच. कोणी पाहुणा आला की त्याला अंगणात उभं करून आधी तो सुळका दाखवायचे आणि म्हणायचे, "त्यो आपला. आपल्या आज्याचा." मग गोष्ट सुरू व्हायची. एका वर्षी पाऊस गेला, विहिरी तळाला लागल्या, गुरं पडायला लागली. तेव्हा मामंजींचे आजोबा एकटे डोंगरावर चढले, झाडोऱ्यात बुजलेलं टाकं त्यांनी शोधून काढलं, आणि गावाची गुरं तगली. लोकांनी त्यांचंच नाव डोंगराला दिलं. पुढे नातू झाला तेव्हा आजोबांचं नाव नातवालाही दिलं. म्हणजे मामंजी आणि डोंगर एकाच माणसाच्या नावाचे.

तीच गोष्ट सासूबाई दुसऱ्या तऱ्हेने सांगायच्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. चुलीपुढे बसून, मामंजी अंगणात आहेत याची खात्री करून त्या सांगायच्या, "पानी शोधाया कसले जातात! बायकोशी भांडून गेले व्हते रुसून. धा दिस खाली आलेच नाय. वर तान लागली तवा शोधलं पानी." इकडे लोक घरी येऊन त्यांच्या बायकोला, म्हणजे मामंजींच्या आजीला विचारत, धनी कुठं गेले? तिला त्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि डोंगराला तोवर नाव नव्हतं. पाट्यावर मसाला वाटत होती, हातातला वरवंटा उभा धरून तिने डोंगराकडे केला आणि म्हणाली, त्या वरवंट्यावर. आत्याबाईंच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही नावं त्याच दिवसांत पडली, आणि बायकांचं जरा आधी पडलं.

या आत्याबाई म्हणजे अंगाने लहान, बोलायला कमी आणि हट्टाला पक्क्या. भावकीत लग्न असलं की बायका उखाणे घ्यायला लागायच्या, आणि आत्याबाईंची पाळी आली की त्यांना नेमकं परसात काम निघायचं. स्वतःच्या लग्नात त्यांनी एकदाच नाव घेतलं होतं, तेही इतकं पुटपुटत की कोणाला कळलंच नाही. मामंजी ही तक्रार म्हातारपणीसुद्धा करायचे. "माजं नाव हिला ठावं तरी हाय का, इचारा कुनीतरी," असं ते जेवताना म्हणायचे, आणि आत्याबाई ताटात आणखी भात वाढायच्या. हे चेष्टेतलं बोलणं होतं. पण मी त्या घरात राहत होते, मला दिसायचं की त्या माणसाला ते खरंच हवं होतं.

पहिलं महायुद्ध संपल्यावर काही वर्षांनी आमच्या भागात नकाशासाठी सरकारी मोजणी आली. तंबू कर्जतच्या बाजूला पडले होते. एक दिवस सुळक्याशेजारी माथ्यावर पांढरं निशाण दिसलं, तेव्हा मामंजी अंगणातच पाट टाकून बसले आणि दिवसभर तिकडे बघत राहिले. सरकार आपल्या आज्याचं नाव कागदावर घालणार, ते लंडनपर्यंत जाणार, असं त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. नाव विचारायला कोणी आपल्याकडे येईल आणि आपण ते सांगू, असंही त्यांच्या मनात होतं. धुतलेलं धोतर त्यांनी त्यासाठी काढून ठेवलं होतं.

मोजणीचा कारकून आला तो नेमका पुरुषमंडळी उतारावरच्या वरकस रानात गवत कापायला गेलेली असताना. विहिरीवर आम्ही बायका होतो. सगळ्या भावकीतल्या, म्हणजे मामंजी कोणाचे सासरे, कोणाचे थोरले दीर. कारकून घाटावरचा, भला माणूस, उन्हाने लाल झालेला. त्याने पाणी मागितलं, पोटभर प्यायला, आणि वही काढून सुळक्याकडे बोट केलं. "बाई, याचं नाव काय?"

एकदोघींनी पदर तोंडाला लावला. एक जाऊबाई खुसखुसायला लागली, तिला दुसरीने चिमटा काढला. कारकुनाला वाटलं, परक्या पुरुषाला बायका लाजताहेत. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. वयाने त्याच मोठ्या होत्या. त्यांनी रहाटाचा दोर हातातून सोडला नाही. "वरवंटा," त्या म्हणाल्या. कारकुनाने वर बघितलं, हसला आणि म्हणाला, "अगदी बरोबर." लिहून घेतलं आणि गेला. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. आम्ही रोजच वरवंटा म्हणत होतो.

रात्री मामंजींना कोणी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही झालं आहे असंच आम्हाला वाटलं नव्हतं. पुढे तंबू हलले. मामंजी काही दिवस वाट बघत राहिले, मग म्हणाले, "जगाला ठावं असलेलं नाव. इचारायचं काय त्यात?"

नकाशा छापून यायला मध्ये बराच काळ गेला. एके दिवशी आमचे हे शाळेतून आले ते खाली मान घालून. खालापुरात महालकऱ्यांच्या कचेरीत भिंतीवर नवा नकाशा लावला होता. त्यात आमचा डोंगर होता, टाकं होतं, खांद्यावरची ठाकरवाडीसुद्धा होती. डोंगरावर वरवंटा असं लिहिलं होतं. मामंजी ऐकत राहिले आणि म्हणाले, "पुन्ना वाच." ह्यांनी सांगितलं की नकाशा कचेरीत आहे, इथे कुठून वाचू? "तरी वाच," मामंजी म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, हे कोणी सांगितलं. आत्याबाई चुलीपासून उठून दारात आल्या आणि म्हणाल्या, "म्यां." एवढंच. मामंजींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, त्यांना ओरडता चांगलं यायचं. ते उठून गोठ्यात गेले. जेवायला आले नाहीत.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मामंजी पाहुण्यांना डोंगर दाखवेनासे झाले. अंगणात बसले तरी डोंगराकडे पाठ करून बसायचे. मला आत्याबाईंचाही राग आला नाही आणि मामंजींचाही. राग आला तो त्या रीतीचा, आणि तो कोणावर काढायचा हे कळेना, म्हणून मी भांडी आपटत होते. ज्या माणसाच्या नावाला जपायचं म्हणून बायकोने ते घेतलं नाही, त्याचंच नाव त्यापायी पुसलं गेलं. हे त्या दोघांनाही कळत होतं आणि दोघंही बोलत नव्हती.

शेवटी ह्यांनीच कचेरीत चौकशी केली. तिथले अव्वल कारकून म्हणाले, दुरुस्तीसाठी वर लिहिता येईल. पण नाव ज्याने सांगितलं त्याने स्वतः येऊन जबाब द्यायला हवा, की तेव्हा सांगितलं ते चुकीचं आणि खरं नाव अमुक. म्हणजे आत्याबाईंनी कचेरीत चार पुरुषांपुढे उभं राहून नवऱ्याचं नाव घ्यायला हवं. घरी येऊन सांगताना हे चाचरत होते. मामंजी म्हणाले, "ती काय घेती!" आत्याबाई म्हणाल्या, "गाडी कवा जुपायची?"

आम्ही गेलो. मामंजी, आत्याबाई, हे, आणि आत्याबाईंच्या सोबतीला मी. मामंजींनी तेच धुतलेलं धोतर नेसलं होतं. आत्याबाई गाडीत डोंगराकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ जरा जरा हलत होते. मला आधी वाटलं, देवाचं काही म्हणताहेत. मग लक्षात आलं की त्या सराव करताहेत. मी तोंड दुसरीकडे फिरवलं, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि ते कशाने, हे कोणाला सांगता आलं नसतं.

कचेरीत त्या दिवशी बाजारामुळे गर्दी होती. ओसरीवर लोक, दारात शिपाई, आत तीन कारकून. अव्वल कारकुनांनी कागद पुढे ओढला, टाक शाईत बुडवला आणि विचारलं, "बाई, मोजणीवाल्यांना डोंगराचं नाव तुम्हीच सांगितलं?"

"व्हय."

"ते बरोबर नव्हतं?"

आत्याबाईंनी कागदाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बायकांपुरतं बरोबर व्हतं."

बाकीचे दोन कारकून हसले. अव्वल कारकून हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, "मग गावाचं जे नाव आहे, ते सांगा. मोठ्याने सांगा, म्हणजे लिहिण्यात चूक व्हायला नको."

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. एक हात भिंतीला टेकवला. मी त्यांच्या इतकी जवळ होते की त्यांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. त्यांनी तोंड उघडलं, आणि मागून मामंजी म्हणाले, "थांब गं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मामंजी पुढे आले. "सायेब, ऱ्हाऊ द्या. नकाशात हाय ते बरूबर हाय."

"अहो, तुम्हीच तर दुरुस्तीला आलात!"

"आलो व्हतो. चूक झाली. वरवंटाच हाय त्यो."

अव्वल कारकुनांनी टाक खाली ठेवला आणि ह्यांच्याकडे असं बघितलं की मास्तर, तुमच्या घरात सगळं ठीक आहे ना? ह्यांनी हात जोडले. आम्ही बाहेर पडलो. मामंजींनी बाजारातून बत्तासे घेतले, ते का घेतले कोणी विचारलं नाही.

खालापूर मागे पडलं, गाडी ओढ्यात उतरली, बैल पाणी प्यायला थांबले. तिथे आत्याबाई पहिल्यांदा बोलल्या. आवाजात राग होता. "मी घेनार व्हते."

"ठावं हाय," मामंजी म्हणाले. "म्हनून तर थांबवलं."

"का पन? तुमच्या आज्याचं नाव लागलं असतं."

मामंजी कासऱ्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "लगीन झाल्यापासनं मी ऐकाया बसलोय. मला कदी ऐकवलं नायस. आनि पयल्यांदा त्या कारकुनाला ऐकवनार व्हतीस? त्यो कोन लागून गेला?"

हे पाण्यात हात धुवायला लागले, त्यांचे हात स्वच्छच होते. मी बत्ताशांची पुडी सोडून सगळ्यांना एकेक दिला.

त्यानंतर मामंजी स्वतःच वरवंटा म्हणायला लागले. सुरुवातीला जीभ अडखळायची, मग सवय झाली. ते म्हणतात म्हणून भावकीतले पुरुष म्हणायला लागले, शाळेतली मुलं तर नकाशातच वाचत होती. पाहुणा आला की मामंजी पुन्हा अंगणात उभं करून डोंगर दाखवत, फक्त गोष्टीत आता आजोबा बायकोशी भांडून वर जायचे. आत्याबाईंना वाटायचं, ही गोष्ट आपल्याकडून बाहेर गेली कशी? कुडाच्या घरात अंगणातल्या माणसाला सगळं ऐकू येतं, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्या सुमारास ह्यांना नेरळला जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्रजी पुस्तक मिळालं. माथेरानच्या कोणा साहेबाने टाकून दिलेलं असावं. त्यात नॉर्वे नावाच्या देशातल्या एका उंच शिखराचं चित्र होतं. अंगावर बर्फ, माथा करवतीसारखा. मामंजींना ते चित्र फार आवडलं. एवढ्या थंडीत तिथे गवत तरी उगवतं का, असं त्यांनी विचारलं. ह्यांनी पुस्तक लावून वाचलं आणि सांगितलं की वर काही नाही, पण खाली कुरणं आहेत. उन्हाळ्यात तिथल्या बायका गुरं घेऊन त्या कुरणात राहायला जातात, दूध काढतात, लोणी काढतात. त्या कुरणाचं जे नाव, तेच पुढे वरच्या शिखराला पडलं.

मामंजींनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. "म्हंजे तिथं बी बायकांचंच लागलं," ते म्हणाले, आणि त्यांना फार समाधान वाटलेलं दिसलं. पुढे कित्येक दिवस ते गावात लोकांना सांगत होते की विलायतेच्या पलीकडेही हीच पद्धत आहे. ह्यांनी दुरुस्त करायचा प्रयत्न केला, पण बापापुढे मास्तरकी चालली नाही.

त्याच वर्षी पावसानंतर नेहमीप्रमाणे पूर्वजाला नारळ द्यायला आम्ही डोंगरावर गेलो. एरवी पुरुषच जायचे. त्या खेपेला आत्याबाई म्हणाल्या, मी पण येते, आणि मला बरोबर घेतलं. वाट ठाकरवाडीवरून जाते. तिथून पुढे खडी चढण, मग सपाट माथा, कमरेइतकं गवत. आत्याबाई न थांबता चढल्या. टाक्याशी पोचल्यावर मामंजींनी दगडाला पाणी घातलं, शेंदूर लावला, नारळ फोडला. हे माथ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले होते, कुठून पाणी कुठे वळतं ते बघायला. मी जरा अंतरावर खोबऱ्याचे तुकडे करत बसले होते.

आत्याबाई टाक्याच्या काठावर, मामंजींच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. खाली खालापूर, पलीकडे पाताळगंगा. तिकडे बघतच त्यांनी नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव. कोणाला हाक मारावी तसं साध्या आवाजात, पण स्वच्छ. मला ते नीट ऐकू आलं. माझा विळा थांबला.

मामंजींनी कानाला हात लावला आणि म्हणाले, "काय म्हनलीस? ऐकू नाय आलं."

आत्याबाईंनी ते पुन्हा घेतलं, जरा मोठ्याने.

मामंजींचे कान शेवटपर्यंत चांगले होते.